सामाजिक संशोधनाचे निष्कर्ष धोरणात कसे उतरवावेत?

धोरणविद्यार्थी:
लोकप्रशासनाचा अभ्यास करताना मला एक प्रश्न सतत पडतो. एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष काटेकोर पद्धतीने काढलेला असला, तरी तो एका ठिकाणचा आणि मर्यादित लोकांपुरता असतो. निर्णय मात्र लाखो लोकांसाठी आणि बहुधा घाईने घ्यावा लागतो. अशा वेळी संशोधनावर किती विसंबावे? आणि वर्ष-दोन वर्षे चालणाऱ्या अभ्यासासाठी निर्णय थांबवून ठेवणे शक्य तरी असते का?

आकडेशास्त्री:
आपल्या पहिल्या प्रश्नासाठी अमेरिकेतील वर्गाच्या पटसंख्येचे उदाहरण पाहावे. टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षे बालवर्ग ते तिसरीपर्यंतच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लहान आणि नेहमीच्या वर्गांत विभागले गेले. लहान वर्गांत 13 ते 17 मुले होती, नेहमीच्या वर्गांत 22 ते 25. लहान वर्गांतील मुलांचे वाचन आणि गणित सरस ठरले. पुढे 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने संपूर्ण राज्यात प्राथमिकच्या खालच्या इयत्तांची पटसंख्या 20 पर्यंत आणायला सुरुवात केली. एकदम हजारो नवे शिक्षक आणि वर्गखोल्या लागल्या, अपुऱ्या पात्रतेचे शिक्षक नेमावे लागले, आणि गरीब वस्त्यांतील शाळांना त्याची झळ अधिक बसली. टेनेसीचा निष्कर्ष खोटा नव्हता. तिथे प्रशिक्षित शिक्षक आणि रिकाम्या खोल्या उपलब्ध होत्या, ही त्याची अट मात्र निर्णयासोबत पोहोचली नाही. म्हणून अहवाल वाचताना 'परिणाम किती झाला' याच्या आधी 'तो कशाच्या आधारावर झाला' हे विचारावे, आणि तो आधार आपल्याकडे आहे का, हे स्थानिक माहितीवरून तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

टप्प्याटप्प्याने:
वेळेच्या अडचणीवर मेक्सिकोने उत्तम तोड काढली होती. मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर गरीब कुटुंबांना रोख रक्कम देणारी 'प्रोग्रेसा' योजना 1997 मध्ये सुरू झाली. सगळीकडे एकाच वेळी पोहोचणे शक्य नव्हतेच. मग अभ्यासासाठी निवडलेल्या 506 वस्त्यांपैकी 320 मध्ये आधी आणि 186 मध्ये नंतर योजना लागू करायची, हे सोडतीने ठरले, आणि आधीच्या व नंतरच्या वस्त्यांची तुलना आपोआप शक्य झाली. त्यासाठी निर्णय रोखून धरावा लागला नाही. शाळेतील नावनोंदणी, विशेषतः माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची, वाढल्याचे दिसले. 2000 मध्ये सत्तांतर झाले, तरी योजना गुंडाळली गेली नाही. उलट ती नव्या नावाने शहरांपर्यंत वाढवली गेली, आणि त्यात या मूल्यमापनाचा मोठा वाटा होता.

क्षेत्रकार्य:
वरील प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. त्याच योजनेबद्दल वस्त्यांमध्ये बसून लोकांशी बोलणाऱ्या संशोधकांना आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी कळल्या: शेजारच्या घराला पैसे मिळतात आणि आपल्याला का नाही, यावरून निर्माण झालेली कटुता, आणि अटी पूर्ण करताना आयांवर पडणारा कामाचा जादा भार. मुलाखती आणि निरीक्षणांना दुय्यम पुरावा मानण्याची सवय मला घातक वाटते, कारण योजना कुठे अडेल हे बहुतेक वेळा त्यांतूनच आधी समजते.

धोरणविद्यार्थी:
सर्वांचे आभार. मग दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले तर?

आकडेशास्त्री:
आधी दोघांनी मोजले काय आणि कोणावर, ते पाहावे. बराचसा विरोध तिथेच सुटतो. उरतो तो पुष्कळदा मूल्यांचा प्रश्न असतो. मर्यादित निधी थोड्या अतिगरीब कुटुंबांना पुरेसा द्यावा की अनेकांना थोडा थोडा, याचे परिणाम संशोधक मांडू शकतो, निवड मात्र लोकांना उत्तरदायी असलेल्यांनी उघडपणे आणि कारणे देऊन करायची असते.