हवेवर तरंगणाऱ्या टोनआर्मचा डावा चॅनेल तबकडीच्या शेवटी फाटतो: पंपाचा दाब वाढवावा का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एअर-बेअरिंगचा समांतर सरकणारा टोनआर्म (तबकडीवर सुई धरणारा हात) आहे. त्याच्या रचनेत बेअरिंगची नळी जागेवर स्थिर असते आणि आतला दांडा हवेच्या थरावर सरकतो. तबकडीचा पहिला अर्धा भाग अतिशय स्वच्छ वाजतो, मात्र शेवटच्या दोन गाण्यांत डाव्या चॅनेलमध्ये ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, आणि हे प्रत्येक तबकडीवर होते. सुई तबकडीवर २ ग्रॅम वजनाने टेकते आणि ते वजन मी तीन वेळा मोजले आहे. सुई नवी आहे. बेअरिंगला हवा पुरवणाऱ्या डायाफ्रॅम पंपाचा दाब ४ पीएसआय (दाबाचे एकक) आहे. आत जाताना आर्म अडत असावा असे वाटून मी दाब दुप्पट करण्याच्या विचारात आहे. काउंटरवेटही (आर्मचा तोल साधणारे मागचे वजन) बदलून पाहावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

दाबाला इतक्यात हात लावू नका. उत्पादकाने सांगितलेल्या दाबापेक्षा फार पुढे गेल्यास काही बेअरिंगमध्ये हवेचा थरच थरथरू लागतो, आणि ती थरथर थेट सुईपर्यंत पोहोचते.

तुमच्या वर्णनातला सर्वांत मोलाचा तपशील म्हणजे फाटणारा चॅनेल डावा आहे. स्टिरिओ चराच्या (सुई जिच्यातून फिरते त्या खाचेच्या) दोन भिंतींपैकी तबकडीच्या मध्याकडील भिंतीवर डावा चॅनेल कोरलेला असतो, तर बाहेरील भिंतीवर उजवा. आर्म बाहेरच्या दिशेला ओढला जात असेल, तर सुई बाहेरील भिंतीवर टेकते आणि आतील भिंतीवरची तिची पकड सैल होते. त्यामुळे डावा चॅनेल आधी फाटतो. म्हणजे तुमच्या आर्मला काहीतरी मागे खेचत आहे, आणि आर्म जसजसा आत जातो तसतशी ती ओढ वाढते आहे.

एक परीक्षा करा. सुईवर संरक्षक टोपी लावा, हवा चालू ठेवा, आर्म चरापासून वर उचललेल्या अवस्थेत ठेवा आणि बाहेर, मध्ये व आत अशा तीन जागी अलगद सोडा. तो तिन्ही जागांवरून एकाच दिशेला वाहत गेला तर उतार आहे. कुठूनही सोडला तरी एका ठरावीक जागी परत येत असेल, तर कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) तारा स्प्रिंगसारख्या वागत आहेत. एखाद्या विशिष्ट जागीच थबकत असेल, तर दांड्यावर किंवा नळीत मळ आहे.

उताराला किती महत्त्व द्यायचे, हे एका साध्या हिशोबाने कळते. सरकणारे एकूण वजन ६० ग्रॅम धरू. ३०० मिलिमीटर अंतरात अर्ध्या मिलिमीटरचा उतार असेल, तर आर्मवर ०.१ ग्रॅम वजनाइतकी बाजूची ओढ पडते आणि ती तबकडी संपेपर्यंत एकाच दिशेने राहते. याउलट तबकडीचे भोक मध्यापासून १ मिलिमीटर सरकलेले असेल, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला आर्म मागेपुढे ढकलण्यासाठी लागणारे बळ सुमारे ०.०७५ ग्रॅम वजनाइतके भरते. भोक सरकलेल्या तबकडीवर आर्म डोळ्यांदेखत डुलतो म्हणून सगळे तिची चिंता करतात, आणि डोळ्यांना न दिसणारा उतार मात्र तसाच राहून जातो.

स्पिरिट लेव्हल टर्नटेबलच्या थाळीवर ठेवून समाधान मानू नका, कारण समतल असायला हवी ती आर्मची वाट. तुमचे टर्नटेबल स्प्रिंगांवर टांगलेले असेल तर आर्म सरकताना वजन एका बाजूला जाते आणि समतलही बदलते. अशा वेळी मधल्या जागी जुळवलेले समतल टोकांना पुन्हा तपासावे लागते.

उत्तर २

वरील निदान मला पटते, पण हवेकडे दुर्लक्ष करू नये असे मला आवर्जून सांगायचे आहे. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि ते हवेच्या नळीतून बेअरिंगच्या बारीक छिद्रांपर्यंत गेले तर मळ तिथेच घट्ट बसतो. हवेचा थर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे धुळीचा एक कण पुरेसा होतो. माझ्या आर्ममध्ये असे घडले, तेव्हा तो एकाच जागी थबकत असे आणि मी कित्येक दिवस तबकड्यांनाच दोष देत होतो.

पंपानंतर टाकी, टाकीच्या तळाशी पाणी सोडण्याचा कॉक आणि त्यापुढे बारीक गाळणी, असा क्रम ठेवा. टाकीमुळे पंपाचे ठोकेही शमतात. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या डायाफ्रॅम पंपाचे ठोके ५० किंवा १०० हर्ट्झला पडतात, म्हणजे नेमके ऐकू येणाऱ्या पट्ट्यात.

दांडा पुसताना हवा चालू ठेवावी आणि धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. तेलाचा थेंबही लावू नये. हवा बंद असताना दांडा कधीही सरकवू नये, कारण पृष्ठभागावर ओरखडा पडतो आणि तो पुसून जात नाही. सुई चरात असताना पंप बंद पडला तर आर्म जागीच रुततो, चर मात्र पुढे सरकत राहतो आणि कँटिलिव्हर (सुई जिच्या टोकाला असते ती बारीक काडी) वाकतो. म्हणून पंप सर्वांत आधी सुरू करावा आणि आर्म जागेवर ठेवल्यानंतरच बंद करावा.

उत्तर ३

काउंटरवेटविषयी लिहितो. अशा आर्मचे आडव्या दिशेचे वस्तुमान उभ्या दिशेपेक्षा बरेच जास्त असते, कारण बाजूला सरकताना दांड्यासह सगळेच सरकते, तर वर-खाली होताना कार्ट्रिज धरणारी आर्मची आखूड नळी केवळ डुलते. अनुनादाची (आर्म आणि सुई ज्या वेगाने आपोआप डोलू लागतात त्याची) वारंवारता काढण्यासाठी १५९ ला वस्तुमान आणि कॉम्प्लायन्स (सुईच्या आधाराचा लवचीकपणा) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचे. कॉम्प्लायन्स १२ धरल्यास आडव्या ६० ग्रॅमसाठी सुमारे ६ हर्ट्झ येतात आणि उभ्या १५ ग्रॅमसाठी सुमारे १२. एमिनंट टेक्नॉलॉजी कंपनीच्या ईटी-२ या एअर-बेअरिंग टोनआर्ममध्ये काउंटरवेट पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर धरलेले असते, ते या आडव्या अनुनादाचा जोर विभागण्यासाठी. अशा पट्टीची जाडी बदलून पाहणे ही उपयुक्त सुधारणा आहे, पण तिचा परिणाम खर्जात ऐकू येतो. ‘स’ फाटण्याचा तिच्याशी संबंध नाही.

एक गोष्ट मात्र याच प्रश्नात तपासण्यासारखी आहे. सुई थाळीच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या रेषेवरूनच सरकायला हवी. ती रेषेपासून १ मिलिमीटर हटली तर बाहेरच्या चरात, म्हणजे १४६ मिलिमीटरवर, कोनाची चूक जेमतेम ०.४ अंश असते, पण आतल्या ६० मिलिमीटरवर तीच जवळजवळ १ अंश होते. कागदावर रेषा आखा, भोक नीट बसवा आणि सुई दोन्ही टोकांना रेषेवर उतरते का, ते भिंगातून पाहा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परीक्षा केली. आर्म आत सोडला तर बाहेर येत होता, बाहेर सोडला तर किंचित आत जात होता, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या कडेपासून सुमारे दोन बोटांवर थांबत होता. कारण तारांमध्येच होते. चारही तारांवर मिळून एकच प्लास्टिकचे आवरण होते, ते जुने होऊन ताठ झाले होते आणि आर्म आत गेला की धनुष्यासारखे ताणले जात होते. आवरण काढले, केसासारख्या चार तारा मोकळ्या केल्या, वळण मोठे ठेवले आणि तारा जिथे स्थिर केल्या आहेत ती जागा आर्मच्या वाटेच्या मध्यावर आणली. त्यानंतर आर्म हळूहळू बाहेर वाहतो असे दिसले, म्हणजे थोडा उतारही होता. टर्नटेबलचा एक पाय पाव फेरा फिरवल्यावर आर्म तिन्ही जागी सोडला तिथेच राहू लागला.

रेषा तपासली तेव्हा सुई अर्धा मिलिमीटर पुढे निघाली, तीही सरकवली. काल त्याच तबकडीची शेवटची दोन गाणी ऐकली आणि ‘श’ पूर्ण उमटला. दाब ४ पीएसआयच ठेवला आहे. टाकीच्या तळाचा कॉक उघडला तेव्हा चमचाभर पाणी निघाले, त्यामुळे गाळणी या आठवड्यात बसवतो आहे.