अनुभव धागा: साठीनंतरचा वर्ग, परीक्षा नसलेला

सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, दीड तास. विषय इतिहास, तत्त्वज्ञान, चित्रकला, जुनी काव्यं, काहीही. परीक्षा नाही, गुण नाहीत. अशा छोट्या वर्गांना साठीनंतर बसलेल्यांनी, ते शिकवणाऱ्यांनी आणि मध्येच सोडून दिलेल्यांनीही इथे लिहावं. 'मन प्रसन्न झालं' एवढ्यावर कृपया थांबू नका, वर्गात नेमकं काय घडलं ते सांगा. मला खास जाणून घ्यायचंय की तिथे आपलं वय उपयोगी पडलं की आडवं आलं.

माझ्यापुरतं थोडक्यात. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझला ज्येष्ठांसाठी विद्यापीठाच्या आधाराने वर्ग सुरू झाले. पुढे ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात त्याचं वेगळं रूप आलं: प्राध्यापक वगैरे कोणी नाही, सभासदच एकमेकांना शिकवणार. आमचा गट या दुसऱ्या पद्धतीचा. मी बुधवारी ज्यांना रोमचा इतिहास सांगते, त्यांच्याकडूनच शुक्रवारी कविता शिकते. त्यामुळे रुसवेफुगवेही दुप्पट.

निवृत्त लघुलेखक, ७१

कोर्टात चौतीस वर्षं काढली, म्हणून 'सॉक्रेटिसचा खटला' हा विषय बघून नाव घातलं. साल इ.स.पू. ३९९, आरोपी सत्तरीचा, म्हणजे आमच्यातलाच. मला वाटलं होतं बाई आत्मज्ञानावर प्रवचन देतील. दुसऱ्या तासाला त्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन आल्या.

अथेन्सच्या न्यायालयात बोलायची वेळ पाण्यावर मोजत. वरच्या भांड्याच्या बुडाशी भोक, धार खालच्या भांड्यात, पाणी संपलं की बोलणं बंद. फिर्यादीला आणि आरोपीला पाणी सारखंच. उत्खननात सापडलेलं असं एक भांडं साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. बाईंनी आमचे दोन गट पाडले आणि खटला उभा केला.

मी आरोपीच्या बाजूने. जन्मभर दुसऱ्यांची भाषणं टिपली, स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. माझं निम्मं पाणी प्रस्तावनेतच वाहून गेलं. ती धार बारीक होत होत थेंबांवर येते ना, तेव्हा घसा सुकतो हो. समोरचे गृहस्थ 'आता मुख्य मुद्द्याकडे वळतो' म्हणाले आणि टप्.

मूळ प्रकरण तर त्याहून अजब. सुमारे पाचशे पंच, एका दिवसात निकाल. त्याचा शिष्य प्लेटो, त्याच्या वृत्तान्तात सॉक्रेटिसच म्हणतो की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो. दोषी ठरल्यावर शिक्षा आरोपीनेही सुचवायची, तर हा म्हणतो, मला सरकारी खर्चाने जेवू घाला! कोर्टात वावरलेला कोणीही हे वाचून कपाळाला हात लावेल. वयाचं माहीत नाही, नोकरी मात्र कामी आली.

एक डोळा नवा, एक जुना

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं महिनाभराने व्हायचं होतं. नेमका त्याच महिन्यात चित्रं बघायचा वर्ग लागला. पद्धत अशी की एकच चित्र चाळीस मिनिटं बघायचं आणि पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. पडद्यावर फ्रेंच चित्रकार मोनेची कमळं. मी सहज डावा डोळा झाकला तर पाणी निळंशार. उजवा झाकला तर तेच पाणी जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचं. मला वाटलं प्रोजेक्टर बिघडला.

सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. मोनेला १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं होतं. त्याने ऑपरेशन टाळत टाळत १९२३ वर नेलं, तेही उजव्याच डोळ्याचं. डाव्याला त्याने हात लावू दिला नाही. रंगाच्या नळ्यांवरची नावं बघून तो काम रेटायचा. मग वर्गाने मला एकेका डोळ्याने चित्राचं वर्णन करायला लावलं आणि मी त्या दिवशी फारच भाव खाल्ला. लाल-तपकिरी दिसेल तिथे सगळे मोतीबिंदू शोधायला लागले, तेव्हा सरांनी आवरलं: "डोळा बिघडला होता, चित्रकार नव्हे. त्याने ठरवून केलेलंही असेल काही."

दोन तासांत सोडून दिलेला

तक्रार लिहिली तर चालेल ना? शिकवणारी व्यक्ती तरुण, हुशार. पण पडद्यावरचं वाचून दाखवायचं, तेही पाठ आमच्याकडे करून. माईक नाही. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे सांगितल्यावर आवाज वाढला नाही, शब्द सोपे झाले! कोणी काही विचारलं की "अरे वा, आजोबा, छान प्रश्न!" प्रश्न छान नव्हता, साधा होता आणि त्याचं उत्तर हवं होतं. आम्हाला ऐकू कमी येतं, कळतं पूर्वीइतकंच.

शांत बसणारी, ६८

नवरा गेल्यावर आठ महिन्यांनी मुलीने बळंच नाव घातलं. जगातली जुनी काव्यं, त्यात पहिलंच गिलगामेश, प्राचीन मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) काव्य. मातीच्या पाट्यांवर कोरलेलं, हजारो वर्षं जुनं. राजा गिलगामेशचा जिवलग मित्र एन्किडू मरतो तो भाग चालला होता. मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी सुरू झाले ती थांबेचना. हॉस्पिटल, शेवटचा आठवडा, सगळं. कोणी अडवलं नाही. माझं संपल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "हे तुमच्या आयुष्यात झालं. मजकुरात कुठे आहे?"

मला राग आला, खरं सांगते. घरी जाऊन चिडूनच वाचलं. तर तिथे होतं: तो सहा दिवस आणि सात रात्री प्रेत पुरू देत नाही, नाकातून अळी गळून पडेपर्यंत. मी त्यांचा चष्मा अजून उशाशी ठेवते, त्याच्या काड्यांवर हिरवट थर चढलाय. पुढच्या तासाला फक्त ती ओळ वाचून दाखवली आणि बसले. त्या दिवशी माझ्या नवऱ्याविषयी एक शब्द बोलले नाही, तरी सगळं बोलून झालं होतं.

शिकवणारी, वयाने निम्मी

वरच्या ताईंच्या बाईंनी विचारलेला प्रश्न मीही विचारते. फक्त माझ्या वर्गात एकदा तो जरा महागात पडला. विषय होता आठवणी आणि इतिहास. एक काका, पंचाहत्तरीचे, १९६९ची चंद्रावरची स्वारी सांगत होते. रेडिओ, वडील, अंगण, आणि वर पूर्ण चंद्र: "त्या ठिपक्यावर आत्ता माणूस चालतोय असं वडील म्हणाले." वर्ग भारावलेला. मी मठ्ठासारखी म्हणाले की त्या दिवशी पौर्णिमा नव्हती. आर्मस्ट्राँग उतरला तेव्हा चंद्र जेमतेम अर्ध्याच्या अलीकडे होता. उतरायच्या जागी ऊन तिरपं असावं, सावल्यांवरून खडक-खड्डे दिसावेत, म्हणून दिवस तसाच निवडला होता.

काका पुढच्या तासाला आले नाहीत. मी फोन करावा की नाही या विचारात आठवडा घालवला. त्यानंतरच्या तासाला आले ते हातात कागद घेऊन. पौर्णिमा २९ जुलैला होती, उतरल्यानंतर आठ दिवसांनी. "म्हणजे वडील ते नंतर म्हणाले असणार. अंतराळवीर तोवर पृथ्वीवर परतले होते. पण मग वडील 'आत्ता चालतोय' कसं म्हणतील? हे वाक्य कोणाचं, त्यांचं की माझं?" उरलेला तास फक्त त्या प्रश्नावर गेला. माझी तयार टिपणं पिशवीतच राहिली. नंतर बाहेर पडताना म्हणाले, "बाई, पौर्णिमा तुमची, अंगण माझंच बरं का."

छोटंसं

मी तीन वर्षांत सात वर्ग केले आणि निम्म्या तासांना डुलकी काढली. तरी कोणी काढून टाकलं नाही. शेजारच्या बाई कोपर मारतात, तेही हल्ली फक्त महत्त्वाच्या मुद्द्याला.

बादलीविषयी एक शंका

लघुलेखक काका, आमच्या गटातही खटला करायचाय. भोक केवढं ठेवलं होतं?

निवृत्त लघुलेखक, ७१

बारीक खिळा तापवून पाडा. आम्ही आधी जाडा घेतला होता, सॉक्रेटिस सव्वा मिनिटात आटोपला. आणि खाली फडकं घाला, पहिल्या दिवशी फिर्यादी घसरता घसरता वाचले.