वासालो ई सिल्वाने सालाझारचा हुकूम मोडला, ते भेकडपणा म्हणायचं का?

मांडवीकाठ: दर 19 डिसेंबरला गोवा मुक्त करणाऱ्या ऑपरेशन विजयवर भरभरून लिहिलं जातं, ते हवंच, पण पणजीत बसलेलं पोर्तुगीज सरकार त्या शेवटच्या आठवड्यात काय करत होतं यावर मराठीत फार कमी बोललं जातं. 14 डिसेंबर 1961 ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला तार केली, तिचा मतलब असा की तह होणार नाही, कुणी कैदी होणार नाही, आमचे सैनिक आणि खलाशी एकतर जिंकतील नाहीतर मरतील. निदान आठ दिवस टिकाव धरा, तेवढ्यात आम्ही जगभर ओरड करतो. आणि टिकाव धरायला दिलं काय होतं? लढाऊ विमान एकही नाही, 1930 च्या दशकातली एक जुनी युद्धनौका, साडेतीन हजाराच्या आसपास माणसं आणि अपुरा दारूगोळा. सांगतात की रणगाड्यांवर मारायच्या ग्रेनेडसाठी ‘चोरिस’ (म्हणजे मांसाचं सॉसेज) हा सांकेतिक शब्द ठरला होता, गोव्याहून तातडीची मागणी गेली आणि लिस्बनहून विमानाने खरोखरचे खायचे चोरिस आले. माणसं मरायला सोडली होती सरळ सरळ. अशा वेळी या गव्हर्नरने 19 तारखेला रात्री साडेआठला शरणागतीवर सही केली. माझ्या मते त्या राजवटीने साडेचारशे वर्षांत गोव्याच्या लोकांसाठी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम.

सत्याग्रहीचा नातू: अजिबात पटलं नाही. चांगलं काम कसलं, दुसरा इलाज उरला होता का? दाबोळीची धावपट्टी 18 ला सकाळीच बॉम्बने फोडली, बांबोळीचं रेडिओ स्टेशन गेलं, दमणमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीपुढे 19 ला सकाळी शस्त्रं खाली ठेवली गेली, आणि आपल्या पॅराशूट ब्रिगेडची माणसं पणजीत शिरल्यावर याने रात्री सही केली. त्याआधी बाणस्तारीचा पूल कुणी उडवला? याच्याच सैन्याने ना? फुटक्या धावपट्टीवरून रात्री दोन विमानं कराचीला गेली ती सुद्धा साहेबलोकांच्या बायकामुलांना घेऊन. आणि 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसच्या वर माणसं मारली ती हीच राजवट, माझे आजोबा त्या गर्दीत होते. तिच्या शेवटच्या गव्हर्नरचं कौतुक मला नाही करता येणार.

मांडवीकाठ: 1955 ला हा गव्हर्नर नव्हता, हा 1958 ला आला. राजवटीचा बचाव मी करतच नाहीये. पण इलाज नव्हता हे मान्य नाही, इलाज होता, तारेत लिहिला होता तोच! पणजीच्या गल्ल्यांत, वास्कोच्या बंदरात घरांच्या आडून लढत बसायचं. दोन दिवस जरी तसं झालं असतं तर मेले असते ते आपलेच जवान आणि तिथले गोंयकार.

गलबत: दोघंही समुद्र विसरलात. ती जुनी पोर्तुगीज युद्धनौका, आफोन्सो द आल्बुकेर्क, मुरगावच्या बंदरात आपल्या बेतवा आणि बिआस या युद्धनौकांशी लढली, कप्तान आरागाव जबर जखमी झाला, जहाज किनाऱ्यावर चढवलं तेव्हाच लढाई थांबली. ज्याला हुकूम पाळायचा होता त्याने पाळून दाखवला. आणि अंजदीव बेटावर तर नौदलाच्या नोंदीप्रमाणे पांढरं निशाण दाखवून मग गोळीबार केला, आपले सात नौसैनिक गेले. त्यामुळे सगळेच शहाणे आणि दयाळू होते असं चित्र नको.

मांडवीकाठ: अंजदीवचं मान्य, त्याला माफी नाहीच. पण नंतरचं बघा ना. कैद झालेले तीन हजारांवर सैनिक मे 1962 पर्यंत इथल्या कॅम्पात पडून होते, कारण शरण गेले म्हणून सालाझारला त्यांची लाज वाटत होती. घरी पोचले तर बंदूकधारी मिलिटरी पोलीस समोर उभे. वासालो ई सिल्वाला 1963 ला सैन्यातून काढून टाकलं, 1974 च्या क्रांतीनंतर कुठे परत घेतलं. पळपुट्याला हे सगळं समोर दिसत असताना सही करायचं धाडस झालं असतं?

सत्याग्रहीचा नातू: 1980 ला तो गोव्यात आला तेव्हा लोकांनी प्रेमाने स्वागत केलं हेही सांगशील आता. केलं, तो गोंयकारांचा मोठेपणा. मला प्रश्न उशिराचा आहे. अग्वादच्या किल्ल्यात राजकीय कैदी होते, त्यांना मारतील या भीतीने मेजर शिवदेव सिंग सिद्धू तुकडी घेऊन सोडवायला गेले, आतल्या शिबंदीला शरण जायचा हुकूम पोचलाच नव्हता, त्यांनी फायरिंग केलं आणि सिद्धू व कॅप्टन विनोद सहगल तिथेच गेले. पणजीत बसून लढाई हरलोय हे ज्याला कळत होतं त्याने 18 ला दुपारीच सगळ्या चौक्यांना हुकूम का नाही पाठवला? याचं उत्तर दे, मग शूर की भेकड ते ठरवू.