हळद पावडर, साल्मोनेला आणि पीसीआर किट: निकाल जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका खासगी लॅबमध्ये मायक्रो (जंतूंच्या तपासण्या) बघते. निम्म्याहून जास्त नमुने हळद पावडरीचे. साल्मोनेला या रोगजंतूसाठी आयएसओ 6579-1 या प्रमाण पद्धतीने कल्चर लावतो, म्हणजे जंतू वाढवून बघतो: आज बीपीडब्ल्यू (जंतू वाढवायचं साधं द्रावण), उद्या आरव्हीएस आणि एमकेटीटीएन (साल्मोनेलाच निवडून वाढवणारी द्रावणं), परवा प्लेटा. नुसतं निगेटिव्ह म्हणायलाही चौथा दिवस उजाडतो, तोवर पार्टीचे फोन सुरू. म्हणून साहेबांनी रिअल-टाइम पीसीआरचं (जंतूचा डीएनए शोधणारं) एक किट डेमोला मागवलंय. 'दोन तासांत निकाल' म्हणून विकतात. त्याआधी रात्रभर एनरिचमेंट (द्रावणात जंतू वाढवणं) करावी लागते, ते बारीक अक्षरात.

मी 8 पिशव्या लावल्या. प्रत्येकीत 25 ग्रॅम हळद, 225 मिली बीपीडब्ल्यू. सहांत एटीसीसी 14028 (साल्मोनेलाचा प्रमाणित वाण) टाकला, दोन कोऱ्या. किट आणि कल्चर दोन्ही त्याच पिशवीतून.

कल्चरला सहाच्या सहा पॉझिटिव्ह, एक्सएलडी प्लेटवर साल्मोनेलाच्या काळ्या टिकल्या अगदी स्वच्छ. किटला तीनच. उरलेल्या तिन्हींत टार्गेटची (साल्मोनेलाच्या डीएनएची) रेघ सपाट आणि इंटर्नल कंट्रोलचीही (पीसीआर नीट चालला का हे दाखवणारी, एरवी नेहमी उठायला हवी ती) सपाट. कंपनीचा माणूस म्हणतो, "मॅडम, निगेटिव्ह लिहा." माझं मन घेईना. पिपेटच्या टोकात हळदीचा गाळ चढत होता आणि लायसिसनंतरही (पेशी फोडून डीएनए काढल्यावरही) ट्यूबमधलं पाणी पिवळंधमक होतं.

दुसरा घोळ: कोऱ्यांपैकी एक पिशवी वाफेने निर्जंतुक केलेल्या लॉटची. ती किटवर पॉझिटिव्ह, सीटी 34 (सीटी म्हणजे कितव्या फेरीला रेघ उठली; डीएनए जितका कमी, तितका आकडा मोठा). कल्चरला काहीच नाही.

किट परत पाठवू, की माझंच काही चुकतंय? आणि एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) ऑडिटला व्हेरिफिकेशन (पद्धत आमच्या लॅबमध्ये नीट चालते याचा पुरावा) म्हणून हे 8 नमुने चालतील का?

प्रतिसाद 1
ताई, कंट्रोल उठलाच नसेल तर तो निगेटिव्ह नव्हे, इनव्हॅलिड. त्या माणसाचं ऐकून रिपोर्ट काढला असता तर पॉझिटिव्ह माल बाहेर गेला असता. हळदीतलं काहीतरी एन्झाइमला अडवतंय. तोच डीएनए 1:10 पातळ करून परत चालवा. त्यात सीटी साधारण 3.3 ने मागे जाईल, पण कंट्रोल उठायला हवा. आणि पुढच्या वेळी फिल्टरची पिशवी घ्या. साधी घेतली होती ना?

प्रतिसाद 2
वाफेच्या लॉटबद्दल. वाफेने जंतू मरतो, डीएनए तिथेच राहतो, आणि पीसीआरला जिवंत-मेलेलं कळत नाही. साल्मोनेला रात्रभर नीट वाढला असता तर सीटी बराच खाली आला असता, त्यामुळे 34 म्हणजे बहुधा मेलेल्यांचा डीएनए किंवा शेजारच्या पिशवीतला शिंतोडा. त्या बीपीडब्ल्यूतलं 1 मिली 9 मिली ताज्या बीपीडब्ल्यूत घालून पुन्हा रात्रभर ठेवा. जिवंत असेल तर सीटी खाली येईल, मेलेला असेल तर वर जाईल. एक्स्ट्रॅक्शनमधून (डीएनए काढायच्या पायरीतून) नुसतं पाणीही चालवा, त्या पायरीत शिंतोडा उडतोय का त्याचा अंदाज येईल.

प्रतिसाद 3
8 नमुन्यांवर ऑडिटर गप्प बसणार नाही. आयएसओ 16140-3 (2021) हे व्हेरिफिकेशनचं मानक काढा. त्यात दोन टप्पे आहेत: आधी किटच्या व्हॅलिडेशनमध्ये (किट मुळात चालतं का याच्या अभ्यासात) वापरलेला एखादा पदार्थ घेऊन तुमच्या हातून पद्धत जमते का ते बघायचं, मग तुमचे स्वतःचे अवघड पदार्थ. हळद दुसऱ्यात. सर्टिफिकेटवर मसाले आहेत का तेही वाचा, 'सर्व खाद्यपदार्थ' या जाहिरातीवर जाऊ नका.

पिशवीत किती पेशी टाकल्या होत्या? पातळी खूप खाली नेलीत तर एक गंमत लक्षात ठेवा: सरासरी 1 पेशी टाकली, तर सुमारे 37 टक्के पिशव्यांत एकही पडत नाही. तिथला निगेटिव्ह किटच्या माथी मारू नका. शिवाय ताजं कल्चर थेट पावडरीत ओतलं असेल तर ती परीक्षा सोपी झाली. बाजारातल्या हळदीत जंतू महिनोन् महिने सुकलेला, अर्धमेला असतो. स्पाइक केलेली (मुद्दाम जंतू टाकलेली) पावडर दोन आठवडे तशीच ठेवून मग लावा.

मूळ लेखिका
सगळ्यांचे आभार. हो, पिशवी साधीच होती. प्लेट काउंटवरून प्रत्येकीत 40 च्या आसपास पेशी गेल्या, आणि हो, ताजं कल्चरच ओतलं होतं.

काल 1:10 करून चालवलं. तिन्हींत कंट्रोल उठला. दोन पॉझिटिव्ह आल्या, सीटी 27 आणि 29. वाफेच्या लॉटचं ताजं बीपीडब्ल्यू आज इनक्युबेटरमध्ये ठेवलंय, पाण्याचा कंट्रोल स्वच्छ आला.

तिसऱ्या पिशवीत मात्र कंट्रोल छान उठूनही टार्गेट नाही, आणि प्लेटवर तर काळ्या टिकल्या आहेत. आता हा खराखुरा फॉल्स निगेटिव्ह धरायचा, की 1:100 करून बघू?