थर्माकोलने पत्र्याचा आवाज थांबत नाही

पावसात पत्र्याचा आवाज कमी करायला गच्चीवरच्या पत्र्याखाली थर्माकोलचं सिलिंग करा, असा सल्ला दिला जातो. उन्हाला ठीक, पावसाच्या आवाजाला जवळपास निरुपयोगी. थर्माकोल हलका आणि बंद छिद्रांचा, तो आवाज शोषतही नाही, अडवतही नाही.

मुळात ०.५ मिमीचा पत्रा ढोलासारखा थरथरतो. आधी ती थरथर मारायची. नवं छत असेल तर पर्लिनवर (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर) जाळी ताणून ५० मिमी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर (घनता घनमीटरला २४ ते ३२ किलो) अंथरा आणि वर पत्रा असा टाका की तो लोकरीला टेकेल. स्क्रू लांब घ्या. नेहमीच्या मापाचे पकड धरत नाहीत. जुन्या पत्र्याला खालून डांबरी किंवा ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी लावा, पण गंज घासून, पत्रा कोरडा करूनच. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात लोंबते.

त्याखाली १२.५ मिमी जिप्सम बोर्ड. वजन चौरस मीटरला ८-९ किलो, तेव्हा सांगाडा आधी तपासा. भिंत आणि पत्र्यामधली फट बुजवली नाही तर हा सगळा खर्च पाण्यात. कोकणात लोकरीला खालून फॉइल हवंच. घरातली वाफ वर जाऊन थंड पत्र्यावर पाणी धरते आणि भिजलेली लोकर दबून बसते.