स्काय२ ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटमागे लॉग लिहितोय, कसा आवरायचा?

तारजोड:
डेबियन सर्व्हर, गिगाबिट नेटवर्क कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कर्नलचं मॉड्यूल) स्काय२. लिंक अधूनमधून पडत होती, म्हणून मॉड्यूलला डीबग=१६ दिलं होतं. दोष केबलचा निघाला, पण आता कर्नल लॉगमध्ये 'टीएक्स क्यूड, स्लॉट…' अशा ओळींचा पूर आलाय. डीमेसेज (कर्नल लॉगची आज्ञा) -एन ४ दिल्यावर कन्सोल गप्प झाला, फाइल मात्र फुगतेच आहे. हेच लॉग यूडीपीने दुसऱ्या मशीनवरही जातात. सर्व्हरवर एसएसएचशिवाय (नेटवर्कवरून लॉगिन) दुसरी वाट नाही, त्यामुळे मॉड्यूल काढून परत घालता येणार नाही.

बिटमास्क:
डीमेसेज -एन फक्त कन्सोलवर काय उमटावं एवढंच ठरवतं. ओळ कर्नलच्या बफरमध्ये जातेच आणि आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) ती तिथून उचलतो. बंद करायचं ते ड्रायव्हरमध्येच, आणि त्यासाठी मॉड्यूल काढावं लागत नाही:

सुडो एथटूल -एस एथ० एमएसजीएलव्हीएल ६३

(एथटूल ही नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलायची आज्ञा, एमएसजीएलव्हीएल म्हणजे मेसेज लेव्हल. एथ० च्या जागी तुमच्या इंटरफेसचं नाव.) नुसतं 'एथटूल एथ०' दिलंत तर 'करंट मेसेज लेव्हल'समोर आत्ता ६५५३५ दिसेल. ही लेव्हल म्हणजे चढती पायरी नव्हे, बिटांची बेरीज आहे: ड्रायव्हर १, प्रोब २, लिंक ४, टायमर ८, इंटरफेस बंद १६, चालू ३२. यांची बेरीज ६३. तुमचा पूर येतोय तो २५६ (पाठवायच्या रांगेतलं पॅकेट), १०२४ (पाठवून झालेलं पॅकेट) आणि २०४८ (आलेल्या पॅकेटची स्थिती) या बिटांमुळे. पाठवण्या-घेण्यातल्या चुका दिसायला हव्या असतील तर ६४ आणि १२८ मिळवून २५५ द्या, स्काय२ची मूळ सेटिंगही तीच आहे. शून्य मात्र देऊ नका. लिंक पडल्याची ओळही त्यात जाते, आणि तुम्हाला तीच तर हवी आहे.

यूडीपीचं विशेष बघा. एक ओळ पाठवायची म्हणजे एक पॅकेट, त्या पॅकेटची नवी ओळ, ती पाठवायला पुन्हा पॅकेट. लॉग याच कार्डावरून जात असतील तर सर्व्हर रिकामा असतानाही हे चक्र फिरत राहतं. एसएसएचवर डीमेसेज -डब्ल्यू उघडं ठेवलंत तरी तेच.

तारजोड:
६३ दिल्याक्षणी थांबलं. रीबूटनंतर परत येईल का?

गाभारा_६४:
येईल. एथटूलचा बदल मॉड्यूल मेमरीत आहे तोवरच. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधल्या फायलींत 'ऑप्शन्स स्काय२ डीबग=१६' शोधून ओळ काढा, मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. नाहीतर इनिटरॅमएफएसमधली (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या फायलींचा संच) जुनी प्रत तोच आकडा पुन्हा लावते. ओळ सापडली नाही तर /प्रॉक/सीएमडीलाइन पाहा, ग्रबमधून (बूटलोडर) स्काय२.डीबग=१६ दिलेलं असू शकतं. /सिस/मॉड्यूल खाली शोधू नका, हा पॅरामीटर तिथे दिसत नाही.

आकडा ठेवायचाच असेल तर ६ लिहा, ६३ नव्हे. मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये खालून किती बिट चालू ठेवायचे ते द्यायचं असतं: ६ म्हणजे ६३, ८ म्हणजे २५५. ३२ किंवा त्याहून मोठा आकडा दिला की ड्रायव्हर तो सोडून देतो आणि स्वतःची मूळ सेटिंग घेतो.

बिटमास्क:
पुढे कुणी हा धागा वाचून ई१०००ई वर (इंटेल कार्डांचा ड्रायव्हर) हेच करून पाहील, म्हणून लिहितो. त्याच्या डीबग ओळी बहुतेक डायनॅमिक डीबगमधून (डीबग ओळी चालू-बंद करायची कर्नलची सोय) येतात, एमएसजीएलव्हीएलने त्या हलत नाहीत. तिथे रूट होऊन:

एको 'मॉड्यूल ई१०००ई -पी' > /सिस/कर्नल/डीबग/डायनॅमिक_डीबग/कंट्रोल

कोणत्या ओळी चालू आहेत ते त्याच फाइलमध्ये '=पी' ग्रेप करून कळतं. आणि सिरियल कन्सोल जोडलेला असेल तर आधी डीमेसेज -एन द्याच. ११५२०० बॉडला ८० अक्षरांची एक ओळ सुमारे ७ मिलिसेकंद घेते, दर पॅकेटला तेवढं थांबणं कुठल्याच सर्व्हरला झेपत नाही.