म्युनिकमधली टाहो: मूळ अमेरिकन रेडिओ काढायचा की ठेवायचा?

सर्किटवाला
अमेरिकेतून जर्मनीत आणलेली २००३ ते २००६ची शेवरोले टाहो धरून बोलू. तिचा रेडिओ एफएमवर ०.२ मेगाहर्ट्‌झच्या उड्या मारतो आणि फक्त विषम दशांशावर थांबतो: १०५.१, मग १०५.३. म्युनिकचं रेडिओ अराबेला आहे १०५.२वर, बीआर क्लासिक १०३.२वर. दोन्ही फरफरतात. डीएबी, म्हणजे डिजिटल रेडिओ, तर त्यात नाहीच. काढून टाका आणि युरोपात विकला जाणारा डीएबी प्लसवाला सेट बसवा. अमेरिकेतून मागवलेल्या सेटमध्ये डीएबी नसतं, हे आधी बघा.

जुनंचबरं
काढायला दहा मिनिटं पुरतात. पार्किंग ब्रेक पायाने दाबून लावा, किल्ली ऑन करा, स्टिअरिंगजवळचा गिअर १वर आणा, स्टिअरिंग पूर्ण खाली करा, पुढची फ्रेम ओढली की क्लिपा सुटतात. मग ७ मिमीचे चार स्क्रू. रडगाणं सुरू होतं ते त्यानंतर. या गाडीत सीटबेल्टची टिंगटिंग, दार उघडं असल्याची सूचनासुद्धा रेडिओच वाजवतो. मागच्या २४ पिनी सॉकेटात किल्लीबरोबर चालू होणारी तार नाही. ते काम डेटाच्या तारेवरून होतं. फ्यूज बॉक्समधून नव्या सेटच्या लाल तारेला करंट दिला की सेट वाजेल, पण गाडी मुकी होईल. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची बोस कंपनीची सिस्टीम असेल तर तो अ‍ॅम्प्लिफायर उठणारच नाही.

सर्किटवाला
म्हणून तर इंटरफेस मॉड्यूल मिळतं. बोस असेल तर अ‍ॅम्प्लिफायरवालंच घ्या, साधं चालत नाही. डेटा वाचून ते लाल तारेला करंट देतं आणि घंट्या परत आणतं. पिवळी कायम १२ व्होल्ट, काळी अर्थिंगची, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरला. मूळ प्लगच्या तारा कापायच्या नाहीत, जोडणी अ‍ॅडॉप्टरच्या तारांवरच करायची.

जुनंचबरं
आणि डबल डिन, म्हणजे दुप्पट उंचीचा सेट, बसवायला डॅशच्या आतलं प्लास्टिक कापायचं, ते? मूळ खाच तेवढी उंच नाही. एकदा कापलं की मूळ सेट परत घट्ट बसत नाही. त्यापेक्षा मूळ रेडिओ राहू दे आणि अँटेनाच्या तारेत एफएम मॉड्युलेटर असलेला डीएबी रिसीव्हर घाला; तो आपला आवाज एफएम स्टेशनासारखा मूळ रेडिओला देतो. फ्रिक्वेन्सी विषमच निवडा, ८८.१ चालेल, ८८.० नाही. प्लास्टिक वाचलं, घंट्या वाचल्या.

कानसेन
आवाजाचं काय? युरोपात एफएमचा प्री-एम्फसिस, म्हणजे प्रक्षेपणात वरचे स्वर मुद्दाम वाढवणं, ५० मायक्रोसेकंदांचा, अमेरिकन रेडिओ ७५च्या हिशोबाने उलटवतो. म्हणजे वरचे स्वर दबतात. झांजा ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारख्या. शिवाय मॉड्युलेटर १५ किलोहर्ट्‌झच्या वर काही पोचवत नाही. ट्रेबल दोन घरं वर करून पहिलं दुखणं झाकता येतं, दुसरं नाही.

जुनंचबरं
बातम्या ऐकायला झांजा कशाला लागतात, राव?

सर्किटवाला
मग रिसीव्हर तरी कशाला, फोन आहेच की.

अँटेनाकाका
भांडण चालू द्या, पण दोघांनाही अँटेना लागणार. डीएबी १७४ ते २४० मेगाहर्ट्‌झवर, टाहोची अँटेनाची काठी एफएमसाठी. काचेवर चिकटवायची पट्टी घ्या. तिचं अर्थिंगचं टोक काचेच्या बाजूच्या खांबाच्या उघड्या पत्र्यावर चिकटलं पाहिजे. रंगावर चिकटवलं की स्टेशनं अर्धी. त्या खांबात पडदा एअरबॅग असेल तर तार तिच्या मागून न्या, वरून नाही. आणि सेटच्या मेनूत अँटेनाचा १२ व्होल्ट पुरवठा चालू करा. याचाच विसर पडतो आणि मग दोष सेटला.

नवखा
भंगारातून दुसऱ्या टाहोचा चांगला रेडिओ आणला तर? माझा सीडी गिळत नाही.

सर्किटवाला
गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, जुळला नाही की पडद्यावर ‘लॉक्ड’ येऊन बसेल. अनलॉक करून देणारा आधी शोधा, मग पैसे द्या.

जुनंचबरं
यावर मात्र एकमत. सीडीचा विचार सोडा आणि आहे तोच सेट जागेवर राहू द्या.